कानबाईची सहा चित्रं आणि एक मेसेज

चोपड्याचे एक चित्रकार विचारतात: इन्स्टाग्रामवर ना नाव, ना फोटो अशा खात्यावरून एका संग्राहकाने कानबाईची, म्हणजे आपल्या खानदेशच्या देवीची, सहा चित्रं घेतली. शेवटच्या चित्राचे पैसे थकवले. आता सही कापून सहाही चित्रांचे प्रिंट विकतोय. मी विचारलं तर ब्लॉक केलं. नावच माहीत नाही, दावा लावू कुणावर?

अशी पत्रं माझ्याकडे नेहमी येतात आणि सगळ्यांना काळजी नावाचीच. भाऊ, पैसे यूपीआयने आले. बँकेच्या स्टेटमेंटवर नाव बघितलं? चित्रं कुरिअरने गेली. पावतीवर पत्ता असेलच. तोही खोटा निघाला, तरी अनोळखी प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणून दावा लावायची वाट आपल्याकडे आहे.

मेख दुसरीकडेच आहे. पहिली दोन चित्रं तुम्ही आपल्या मनाने काढली होती, त्याने ती नंतर घेतली. मग त्याचा मेसेज आला, ‘अशीच अजून चार काढा, रोटांचा स्वयंपाक, रात्रीची मिरवणूक.’ कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 चं परंतुक (नियमाला जोडलेला अपवाद) सांगतं की मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि उलट करार नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे त्या चारांचे प्रिंट तो बहुधा विकू शकतो. ‘प्रिंटचे हक्क माझ्याकडे’ एवढी एक ओळ तुम्ही उत्तरात टाकायला हवी होती. तुम्ही अंगठा टाकलात!

पहिल्या दोनांचं तसं नाही. कॅनव्हास विकला म्हणून कॉपीराइट जात नाही. कलम 19 प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याला द्यायला तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो, आणि तो तुम्ही दिलेला नाही. शिवाय कलम 57 मुळे कर्ता म्हणून नाव सांगायचा हक्क सहाही चित्रांवर तुमचाच. सही कापण्याचा मुद्दा तिथे लावता येईल. न्यायालय किती भरपाई देईल, हे मी सांगणार नाही.

कलम 62 मुळे कॉपीराइटचा दावा जळगावच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, पुण्या-मुंबईला खेटे नकोत. तारखा किती पडतील ते मात्र विचारू नका. थकबाकीचा दावा लावायला मुदत साधारण काम झाल्यापासून 3 वर्षं, त्यातली अडीच तुम्ही ‘देईल, देईल’ म्हणत घालवलीत. नोटिशीने ही मुदत वाढत नाही.

चॅट जुन्या फोनमध्ये आहे आणि तो पुतण्याला गेम खेळायला दिलाय, असं लिहिता. आज संध्याकाळीच परत घ्या. रीसेट करू नका.