सहा आठवड्यांत दहा किलो? आधी काटा कुठे ठेवलाय ते बघा

प्रश्न असा आहे: "सहा आठवड्यांनी घरच्यांबरोबर अंदमानला जायचंय. वजन ७८ आहे, ६८ करायचंय. टार्गेट बरोबर आहे का? आणि कुठलं डाएट करू?"

बरोबर नाही. तीन किलो धरा. फारच जोर लावलात तर चार.

हिशेब सोपा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७ हजार. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, भागाकार करा, रोजच्या १८३३ येतात. तुम्ही दिवसभरात जेवढं खाता, जवळपास तेवढंच. म्हणजे ४२ दिवस जेवायचंच नाही आणि वर कामावरही जायचं. रोज ५०० कॅलरींची तूट माणसाला झेपते. तिचे सहा आठवड्यांत पावणेतीन किलो होतात. विषय संपला.

खरं तर उत्तरही इथंच संपायला पाहिजे. पण "सुट्टीच्या आधी" आणि "दहा किलो" एका ओळीत दिसलं की मला माझे साडू आठवतात, आणि मग मला राहवत नाही.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे. वीस वर्षं होत आली. भरलेली गाडी आत येते तेव्हा एक वजन, रिकामी बाहेर जाते तेव्हा दुसरं, वजाबाकी म्हणजे ऊस. हंगामात दिवसरात्र हेच. त्यामुळे वजन या विषयावर आपल्याला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती.

२०१८ चा पाडवा. सासुरवाडीला पंगत बसलेली, श्रीखंडाची तिसरी वाटी मी नुकतीच पुढं ओढली होती. मोठे साडू पलीकडून म्हणाले, "पाव्हणं, मे महिन्यात मालवणला येताय न्हवं आमच्यासंगं? बोटीत मधोमध बसा बरं का, एका बाजूला नको." सगळे हसले. बायको पण हसली. तेच जास्त लागलं.

हात धुवायच्या आत पैज लागली. ११ मेला तारकर्लीत मुक्काम, त्या रात्री दोघांनी वजन करायचं. ज्याचं कमी उतरलं असेल त्यानं नऊ माणसांच्या मासळीच्या जेवणाचं बिल द्यायचं. साडू म्हणाले, मी दहा किलो उतरवणार. म्हणून मी बारा म्हणालो. टार्गेट कसं ठरवतात विचारताय ना, बहुतेक घरांत असंच ठरतं. समोरचा जे म्हणेल त्यात दोन मिळवायचे.

दर शनिवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी, मी स्टोअरमधल्या प्लॅटफॉर्म काट्यावर उभा राहायचो. गाड्यांच्या काट्यावर नाही, त्याची एक पायरी दहा किलोची. त्यावर महिनाभर घाम गाळला तरी ९० चे ९०. स्टोअरच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा चालू वर्षाचा शिक्का होता, त्यामुळे त्याच्यावर माझा भरवसा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा ९१.६.

पहिले सहा आठवडे मी शहाण्यासारखा वागलो, हे आधीच सांगून ठेवतो. हंगाम आटोपत आला होता, रात्रपाळी संपली होती. रोज पहाटे रंकाळ्याला फेरी. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचं दूध बंद. रात्रीची एक भाकरी कमी. आणि चहातली साखर बंद. काट्यावर बसणाऱ्याला दिवसात सात चहा होतात, दर चहाला दोन चमचे धरले तर साठेक ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी नुसत्या चहातून. साखर कारखान्यात बसून बिनसाखरेचा चहा मागायचा म्हणजे कँटीनवाला तोंडाकडे बघतो. बघू दे म्हटलं.

२८ एप्रिलला काटा ८८.४. सव्वातीन किलो गेले म्हणा. करदोटा सैल झाला होता, पट्टा एक भोक आत गेला होता, आणि कारखान्याचा जिना चढताना बोलता येत होतं. आज विचाराल तर मी तिथंच पैज जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन. "पाव्हणं, आपले सात गेले."

झालं. डोकंच फिरलं. त्या सुमाराला दीक्षितांचं डाएट की दिवेकरांचं हा वाद घरोघरी सुरू व्हायला लागला होता. मी दोघांपैकी कुणाचंच ऐकलं नाही, स्वतःचं शास्त्र काढलं. काकडी आणि ताक. सकाळी काकडी, दुपारी ताक, रात्री दोन्ही. मीठ बंद. शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा तांब्यानं नाही, वाटीनं. आणि हे कोल्हापुरात, मे महिन्यात, लग्नसराईत. एका लग्नात मी पंगतीला न बसता आहेर देऊन मागच्या दारानं निघालो. लोकांना वाटलं रुसलाय.

११ मेला पहाटे काटा ८४.७. बारा-तेरा दिवसांत पावणेचार किलो. मी स्टोअरकीपरला हात जोडून दाखवला. फोंडा घाट उतरताना क्लचवरच्या पायाला दोनदा गोळा आला, मी तिकडं लक्षच दिलं नाही.

रात्री तारकर्लीत साडूंनी डिकीतून टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा काढला. घरून आणलेला! खोलीत सतरंजी अंथरली होती, तिच्यावरच ठेवला. आधी स्वतः चढले. घरी ८८ होते म्हणे, आता ७७. अकरा किलो. टाळ्या. मग मी चढलो. ८२.५.

इथं मी थांबलो. सकाळी ८४.७ असलेला माणूस दिवसभरात ताक पिऊन ८२.५ होत नाही. काटा कुठलाही असू दे, कारखान्यातला ५० टनी नाहीतर बाथरूममधला, खालची जमीन टणक आणि सपाट पाहिजे. सतरंजी दबते, तळ टेकतो, आणि आकडा खाल्ला जातो. हे मला रोज भाकरी देणारं ज्ञान आहे. मी काटा उचलला, फरशीवर ठेवला, चढलो. ८४.५. म्हटलं, दाजी, आता तुम्ही या.

साडू जागचे हलले नाहीत. म्हणाले, "एकदा झालं ते झालं. काटामारीची सवय कारखान्यात, हितं न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काटामारी म्हणजे उसाचं वजन मुद्दाम कमी दाखवणं. शेतकऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. रात्री दोन वाजता ट्रॅक्टरच्या रांगेत कंटाळलेल्या माणसाकडून मी हा शब्द शंभर वेळा ऐकलाय आणि एकदाही मनावर घेतलेला नाही. त्याचा ऊस वाळत असतो, त्याला बोलायचा हक्क आहे. पण पोराबाळांसमोर, साडूच्या तोंडून? खोलीत कोणी बोलेना. मी ठीक आहे म्हटलं, बिल माझं, आणि उपाशीच झोपलो.

सकाळी मालवणला स्कूबा. रागात नाश्ताही केला नाही. बोटीतल्या पोरानं सूट चढवला, पाठीमागची चेन एका दमात वर गेली. खरं सांगतो, तेवढ्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप होता. मागं सिंधुदुर्ग किल्ला, बायको फोटो काढतेय, मी पोट आत न घेता उभा. मग बोटीच्या काठावर बसलो आणि पोटरीत असा गोळा आला की ओरडलो. डोळ्यांपुढं अंधारी. त्या पोरानं काय खाल्लंय विचारलं, मी काही नाही म्हटलं. मग त्यानं शांतपणे माझा सूट उतरवला. मला ताडपत्रीच्या सावलीत, हवेच्या टाक्यांशेजारी बसवलं आणि हातात इलेक्ट्रालचं पाणी दिलं. काका, तुम्ही आज नाही.

बायको उतरली. पोरगं उतरलं. बायकोनं त्या दोन महिन्यांत एक ग्रॅम कमी केला नव्हता, तिला कोणी विचारलंही नव्हतं. वर आली तेव्हा चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ, आणि बोलायची थांबेना. पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी हाताशी येऊन पाव खात होते म्हणे.

पाव. मी तेरा दिवसांत पाव बघितला नव्हता.

दुपारी नऊ जणांचं बिल भरलं आणि स्वतः कोंबडी-वडे खाल्ले. वडे किती ते लिहीत नाही. २१ मेला स्टोअरच्या काट्यावर ८७.९. म्हणजे उपासमारीतले पावणेचार होते त्यातले सव्वातीन दहा दिवसांत परत आले, आणि आधीच्या सहा आठवड्यांतल्या सव्वातीनातलं काहीच आलं नाही. यातच काय ते समजा.

हे असं का होतं ते उसावरून सांगतो. तोडलेला ऊस चार दिवस फडात पडला की वजन घटतं. शेतकरी त्यासाठीच तोड झाल्या झाल्या गाडीसाठी धावाधाव करतो. घटतं ते पाणी. माणसाचंही तसंच. यकृतात आणि स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं बंद केलं की पहिल्या आठवड्यातच ती साखर संपते, पाणी वाहून जातं, दीड-दोन किलो उतरतात. मीठ तोडलं की आणखी थोडं. माणूस खूश. हॉटेलात पहिलं पोटभर जेवण झालं की साखर, मीठ, पाणी तिघं हातात हात घालून परत. "आठवड्यात पाच किलो" अशी जाहिरात करणारे सगळे वाळलेला ऊस विकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्टमध्ये केसही गळाले. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात, हे मला न्हाव्यानं आधी सांगितलं, डॉक्टरनं नंतर.

तेव्हा टार्गेट किलोत ठेवायचंच असेल तर सहा आठवड्यांना तीन. पण मी तर म्हणेन, किलोत ठेवूच नका. आठवड्यातून पाच दिवस अमुक वेळ चालणार, चहात साखर नाही, रात्री नऊनंतर काही नाही, एवढं ठरवा. ते तुमच्या हातात आहे. काट्यावरचा आकडा तुमच्या हातात नाही. मोजायचंच असेल तर कंबर मोजा. आपल्याकडं पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० ही हद्द धरतात. करदोटा बांधत असाल तर टेपसुद्धा नको. आणि शेवटचे दहा दिवस नवीन काही करू नका, नीट खा, पाणी प्या. अंदमानात समुद्रात उतरायचंय ना? मग अंगात जीव पाहिजे. सूट सगळ्या मापांचे असतात, हे मला त्या पोरानं नंतर दाखवलं. माझ्या ९१ किलोला बसेल असाही होता.

डाएट कुठलं, ते मला विचारू नका. माझं शास्त्र वर वाचलंतच.

आणि हे आधी लिहायला हवं होतं: बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, इन्सुलिन असेल, तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांशी बोला, बीपी किंवा साखर एकदम खाली येऊ शकते. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, तेही लक्षात ठेवा. बायकांचं पाळीच्या आसपास किलो-दीड किलो पाण्यानंच वर-खाली होतं, त्या आठवड्याचा आकडा धरू नका. तुमचं ७८ उंचीच्या मानानं जास्त आहे की नाही, हेही मला माहीत नाही, तुम्ही उंची लिहिलीच नाहीत. सहा फूट असाल तर दहा किलोचं खूळच सोडा.

साडूंचं म्हणाल तर, त्यांचे अकरा किलो मी आजही मानत नाही. फरशीवर ते ७९ च्या खाली आले नसते. परवाच त्यांचा फोन आला होता, या मे महिन्यात सगळे मिळून दापोलीला जायचं ठरतंय. शेवटी म्हणाले, "काय पाव्हणं, काटा आणू का?"

म्हटलं, आणा. सतरंजी तेवढी घरी ठेवा.