वाचकांचे प्रश्न : खराब झालेली जुनी ऐरण घ्यावी का?

प्रश्न : मी कराडजवळ राहतो. नोकरी बँकेत असली तरी लोहारकाम हौसेने शिकावे, विळे, कोयते, दाराच्या कड्या अशा वस्तू स्वतः घडवाव्यात, अशी इच्छा आहे. भट्टी आणि पंखा जमवला आहे. ऐरण मात्र मिळत नव्हती. आता एका बंद पडलेल्या वर्कशॉपचे सामान विक्रीला निघाले असून त्यात शिंगाची, म्हणजे एका टोकाला निमुळता गोल भाग असलेली, एक जुनी ऐरण आहे. तिच्या अंगावर ‘पीटर राइट’ हे नाव पुसट वाचता येते आणि त्याखाली १, २ आणि १० असे आकडे ठोकलेले आहेत. त्यावरून वजन १२१ किलो आहे असे विक्रेता सांगतो आणि किलोला १२० रुपये मागतो. माथ्याची एक कड मधोमध सुमारे ९ सेंटिमीटर तुटलेली आहे, माथा मध्यभागी ४ मिलिमीटर खोलगट झाला आहे, शिंगाचे टोक गेले आहे आणि मागच्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून केसाएवढी बारीक रेघ निघालेली दिसते. ओळखीचे वेल्डर म्हणतात, ‘घेऊन टाका, कड भरून देतो आणि माथा ग्राइंडिंग करून आरशासारखा करून देतो.’ घ्यावी का?

उत्तर : वजनाचा हिशेब आधी मिटवू, कारण त्यात आपले जवळपास पाच हजार रुपये अडकले आहेत. जुन्या इंग्रजी ऐरणीवरचे तीन आकडे एकत्र वाचायचे नसतात. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथ्या हिश्श्याचा, म्हणजे २८ पौंडांचा. आणि तिसरा सुट्या पौंडांचा असतो. आपल्या ऐरणीचे वजन त्यामुळे ११२ अधिक ५६ अधिक १०, असे १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो भरते. विक्रेत्याच्या हिशेबाने किंमत १४,५२० रुपये होते, तर त्याच दराने खरी किंमत ९,७२० रुपये. विक्रेता लबाडच असेल असे नाही. आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली आणि हंड्रेडवेट वाचणारी पिढी वर्कशॉपमधून केव्हाच निवृत्त झाली. तरीही व्यवहार काट्यावरच्या वजनानेच करावा.

आता खुद्द ऐरणीकडे वळू. पीटर राइट हे इंग्लंडमधल्या डडली गावचे नावाजलेले ऐरण बनवणारे. त्यांच्या ऐरणीचे धड घडीव लोखंडाचे, म्हणजे तुलनेने मऊ असते आणि त्याच्या वर पोलादाची एक पाटी भट्टीच्या उष्णतेत ठोकून जोडलेली असते. ही पाटी साधारणपणे १० ते १५ मिलिमीटर जाड असते आणि तिला पाणी देऊन कठीण केलेले असते. हातोड्याचा घाव लाल लोखंडात मुरावा आणि उरलेला जोर हातोड्याला परत मिळावा, हे काम ती पातळ पाटीच करते. म्हणूनच जुन्या ऐरणीची खराबी तपासताना दोनच गोष्टी पाहायच्या असतात : पाटीचे पाणी शाबूत आहे का, आणि पाटी धडाला घट्ट चिकटलेली आहे का. बाकीच्या खराबीने ऐरण कुरूप दिसते, पण काम अडत नाही. बाजारात मात्र नेमके उलटे घडते. कड फुटलेली चांगली ऐरण ग्राहक सोडून देतात आणि काळा रंग लावलेली, आतून मेलेली ऐरण जास्त पैसे मोजून घरी आणतात.

या दृष्टीने पाहिले तर आपण सांगितलेल्या चार दोषांपैकी तीन दोषांची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. शिंगाचा भाग मुळातच मऊ असतो आणि गोलाई देण्यासाठी शिंगाचे मधले अंग वापरले जाते, टोक क्वचितच. लहान कडीसाठी टोकाची गरज पडलीच तर जाड सळईचा तुकडा शिकंजात धरून काम भागते. तुटलेल्या कडेबद्दल सांगायचे तर शिकणाऱ्याला एका बाजूची ७-८ सेंटिमीटर चांगली कड पुरेशी होते. दुसरी कड शाबूत असल्याचे आपल्या वर्णनावरून दिसते, तेव्हा ऐरण फिरवून ती कड कामाच्या बाजूला घ्यावी. त्यामुळे शिंग उजवीकडे आले तरी काही बिघडत नाही. तुटलेल्या जागी जे धारदार कोपरे राहिले असतील, ते ग्राइंडरने हलक्या हाताने ३ ते ६ मिलिमीटरची गोलाई देऊन मोडून टाकावेत, अन्यथा त्या खाचेत गरम लोखंड दुमडते, वस्तूत चीर राहते आणि कडेचा आणखी टवका उडण्याची भीतीही असते. चांगल्या कडेलाही थोडी गोलाई हवीच असते. नव्या ऐरणीची अगदी काटकोनी कड हे लोहाराच्या दृष्टीने अर्धवट काम असते.

मधला ४ मिलिमीटरचा खोलगटपणा बघून पुष्कळ जण नाक मुरडतात. वर्षानुवर्षे घाव बसून खालचे मऊ लोखंड दबते आणि पाटी त्याच्याबरोबर वाकते. ती झिजून पातळ झालेली असतेच असे नाही. कोयत्याचे पाते सरळ करताना अशा खोलगट जागेचा उपयोगच होतो, कारण पाते उलट दिशेला किंचित जास्त दाबल्याशिवाय सरळ होत नाही आणि सपाट माथ्यावर तेवढी जागा मिळत नाही. अगदी सपाट काम करायचे असेल तेव्हा माथ्याच्या टोकाकडचा भाग वापरावा.

चौथा दोष, म्हणजे भोकाजवळची रेघ, हा मात्र गंभीर असू शकतो आणि सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांत ताण साठतो. हे भोक छिन्नीसारख्या हत्याराचा दांडा बसवण्यासाठी असते; तिथे कोणी भोकापेक्षा जरा जाड दांड्याचे हत्यार घणाने ठासून बसवले की मागचा भाग तडकतो. ही रेघ वरवरची आहे की खोल, हे घरगुती उपायाने समजते. तारेच्या ब्रशने जागा स्वच्छ करावी, तिच्यावर डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, कापडाने कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. भेगेत शिरलेले डिझेल पूड ओली करत वर येते आणि भेग कुठून कुठे गेली आहे ते काळसर रेषेने स्पष्ट दिसते. हीच तपासणी माथ्याच्या बाजूने, पाटी आणि धड यांच्या जोडाच्या उंचीवरही करावी. भेग उभी असेल आणि भोकाच्या मागच्या भागातच थांबत असेल, तर त्या भोकात काहीही ठोकून न बसवता ऐरण खुशाल वापरता येईल. ती जोडाच्या रेषेने आडवी पसरली असेल, तर पाटी सुटू लागली आहे. अशी ऐरण भंगाराच्या दरानेच घ्यावी किंवा घेऊच नये.

यानंतर आवाज ऐकावा. ऐरण लाकडी ओंडक्यावर मोकळी ठेवून पाव किलोच्या हातोडीने माथ्यावर बोटा-दोन बोटांच्या अंतराने हळूच टकटक करत जावे. पीटर राइटची निरोगी ऐरण देवळातल्या घंटेसारखी खणखणते. एखाद्या जागी नाद एकदम बसका झाला किंवा झांजरल्यासारखा आला, तर त्याखाली पाटी सुटलेली आहे असे समजावे. हा नियम सरसकट लावू नये, कारण बिडाच्या धडावर पोलादी माथा बसवलेल्या काही चांगल्या अमेरिकी ऐरणी मुळातच मुक्या असतात; पण आपल्या ऐरणीला तो चोख लागू पडतो.

तिसरी परीक्षा उसळीची. मोठ्या बेअरिंगमधला २०-२५ मिलिमीटरचा छर्रा मिळवावा, माथ्यावर पट्टी उभी धरावी आणि २५ सेंटिमीटर उंचीवरून छर्रा सोडावा. तो १८ ते २० सेंटिमीटरपर्यंत परत उसळला तर पाणी उत्तम आहे. १५च्या आसपास आला तर शिकण्यापुरते ठीक आहे. १२च्याही खाली राहत असेल तर माथा मऊ पडला आहे. कडेला आणि मागच्या टोकाला उसळी थोडी कमी येते, म्हणून मधल्या भागात ठिकठिकाणी पाहावे. त्या वर्कशॉपला कधी आग लागली होती का, हेही सहज गप्पांत विचारून घ्यावे. आगीत सापडलेल्या ऐरणीचे पाणी उतरते आणि ते बाहेरून दिसत नाही. कानस घासून पाहण्याचीही रीत आहे : कठीण माथ्यावर कानस घसरते, मऊ माथ्याला चावते.

आता आपल्या वेल्डर मित्रांच्या प्रस्तावाबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, तरीही त्यांना या कामापासून दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या मोठ्या थंड गोळ्यावर वेल्डिंग केले की धड क्षणात उष्णता ओढून घेते, वेल्डला लागून असलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि काही दिवसांत भरलेली कड पाटीचा तुकडा घेऊनच निखळते. हे टाळायचे तर ऐरण आधी सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत समान तापवावी लागते, कोरड्या ठेवलेल्या ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडने थर भरून त्यावर कठीण पृष्ठभागाचा वेगळा रॉड चढवावा लागतो आणि काम झाल्यावर राखेत पुरून ती सावकाश थंड करावी लागते. तापमान फार पुढे गेले तर उरलेल्या माथ्याचे पाणी उतरू लागते. ही कसरत जाणकार माणूस करू शकतो, पण नऊ सेंटिमीटर कडेसाठी ती करण्यात अर्थ नाही. ग्राइंडिंग तर त्याहून वाईट. मधला खळगा नाहीसा करायचा म्हणजे दोन्ही टोकांकडून ४ मिलिमीटर पोलाद काढायचे, म्हणजेच १२ मिलिमीटरच्या पाटीचा तिसरा हिस्सा, आणि तोही जिथे ती सर्वांत चांगली आहे तिथून, भुश्श्यात घालवायचा. एकदा काढलेले पोलाद परत बसत नाही. तारेचा ब्रश, थोडे तेल आणि रोजचे काम एवढ्यावर माथा आपोआप उजळतो.

तिन्ही परीक्षांत ऐरण उतरली तर ती घ्यावी, मात्र भोकाची भेग पुढे करून किलोला ७०-८० रुपयांवर यावे. ८१ किलो वजनाला एक किलोचा हातोडा शोभतो आणि पुढे दीड किलोचाही चालतो. बसवण्यासाठी बाभळीचा ओंडका घ्यावा; सरळ उभे राहून मूठ वळली असता बोटांची पेरे जिथे येतात, तिथे माथ्याची उंची ठेवावी. माथ्यावर गरम लोखंड नसताना मोकळा घाव घालू नये आणि डोळ्यांना संरक्षक गॉगल असल्याशिवाय काम सुरू करू नये, कारण कठीण पोलादाचा टवका गोळीच्या वेगाने उडतो.

प्रश्न : मला परवडेल अशी एकही जुनी ऐरण मिळत नाही. भंगारवाल्याकडे रेल्वे रुळाचा तुकडा आहे आणि ऑनलाइन बिडाची नवी ऐरण स्वस्तात दिसते. दोहोंपैकी काय घ्यावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बिडाची ऐरण घेऊ नये. तिला शिंग, भोक, रंग सगळे असते, पण माथा पाणी दिलेला नसतो. उसळी पाव-तृतीयांशच मिळते आणि कडा चुरा होऊन उडतात. रुळाचे पोलाद तिच्यापेक्षा पुष्कळ चांगले, त्यात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो. तुकडा आडवा न ठेवता उभा करून ओंडक्यात बसवावा, म्हणजे सगळे वजन घावाच्या थेट खाली येते. आडव्या रुळाची मधली भिंत पातळ असल्याने तो थरथरतो आणि कान किटतात. मात्र एक सावधगिरी बाळगावी. रेल्वे आपले भंगार ई-लिलावाने विकते आणि १९६६च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यानुसार चोरीचा संशय असलेला माल आपल्याकडे सापडला, तर तो रीतसर मिळवल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. पक्की पावती मिळत नसेल तर तो तुकडा तिथेच राहू द्यावा.

त्याऐवजी फोर्जिंगच्या कारखान्यातून बाद झालेला डाय ब्लॉक (साच्याचा पोलादी ठोकळा) किंवा फोर्कलिफ्टच्या काट्याचा जाड तुकडा शोधावा. १० सेंटिमीटर चौरस आणि ३० सेंटिमीटर उंच पोलादी ठोकळ्याचे वजन साडेतेवीस किलो भरते आणि तो उभा पुरला की सुरुवातीची कित्येक वर्षे पुरतो. शिंग नाही म्हणून खंत करू नये. आपल्याकडचे घिसाडी रस्त्याच्या कडेला पाल टाकून वीतभर पोलादी ठोकळ्यावर कुऱ्हाडी आणि विळे घडवत आले आहेत, आणि त्या ठोकळ्याला शिंग नसते.

प्रश्न : घेतलेल्या जुन्या ऐरणीच्या माथ्यावर गंजाचे बारीक खड्डे आहेत. ते काढावेत का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : खड्ड्यांचे ठसे गरम लोखंडावर उमटतात, पण ते शेवटच्या सफाईच्या वेळीच खुपतात. माथ्यावरची तळहाताएवढी एक जागा निवडून ती ग्राइंडरला लावायच्या बारीक फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पाकळ्यांच्या चकतीने) गुळगुळीत करावी, हात सतत फिरता ठेवावा आणि पोलाद निळे पडू देऊ नये. बाकीचा माथा तसाच ठेवावा. कोकणच्या दमट हवेत काम संपल्यावर तेलाचा हात फिरवणे आवश्यक आहे, विशेषतः जून ते सप्टेंबर.