प्रोफाइल अनलिमिटेड केलं, तरी खातं एक्स्पायर्डच

तुमची अडचण मला समजली ती अशी. सहा-सात महिन्यांपूर्वी तुम्ही नवा ओरॅकल १९सी डेटाबेस उभा केला आणि जुन्या ११जी आवृत्तीवरून बिलिंगचा सगळा डेटा डेटा पंप या ओरॅकलच्या निर्यात-आयात साधनाने आणला. सोमवारी सकाळी अ‍ॅप्लिकेशन चालू होईना. लॉगमध्ये ओरा-२८००१, म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली. तुम्ही डिफॉल्ट प्रोफाइलमधला (प्रोफाइल म्हणजे खात्यांना लागू होणाऱ्या पासवर्डच्या नियमांचा संच) पासवर्ड लाइफ टाइम, म्हणजे पासवर्डची मुदत, अनलिमिटेड केला, तरी तीच एरर. शुक्रवारपर्यंत सगळं नीट होतं, मग शनिवार-रविवारी कोणी काय केलं, हा तुमचा दुसरा प्रश्न.

आधी अ‍ॅप्लिकेशन उभं करू. प्रोफाइल बदलल्याने पुढची मुदत बदलते. जे खातं एक्स्पायर्ड झालंय किंवा ग्रेसमध्ये (मुदतीनंतरच्या सवलतीच्या काळात) गेलंय, ते तेवढ्याने परत ओपन होत नाही. त्यासाठी ऑल्टर यूजर ही कमांड वापरून पासवर्ड नव्याने द्यावाच लागतो. डिफॉल्ट प्रोफाइल कोणी बदललेलं नसेल तर जुनाच पासवर्ड परत दिला तरी चालतं, कारण त्यात पुनर्वापराला मर्यादा नसते. स्टेटसमध्ये लॉक्डही दिसत असेल तर अकाउंट अनलॉक वेगळं करा. नवा पासवर्ड देणार असाल तर मात्र आधी अ‍ॅप्लिकेशन पूर्ण बंद करा. कनेक्शन पूल, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेसशी तयार ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो, डिफॉल्टमध्ये चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा १० आहे, आणि ती काही सेकंदांत संपते. मग खातं एक दिवसासाठी लॉक होतं आणि ओरा-२८०००, म्हणजे खातं लॉक झाल्याच्या एररची, नवी डोकेदुखी सुरू.

आता शनिवार-रविवारचं. माझ्या मते कोणीच काही केलेलं नाही. ११जी पासून डिफॉल्ट प्रोफाइलची मुदत १८० दिवस आहे, १०जी मध्ये ती अनलिमिटेड होती. तुमच्या जुन्या डेटाबेसवर कोणीतरी कधीकाळी ती काढून टाकली असणार. नव्या डेटाबेसमध्ये ती परत आली आणि खातं तयार झाल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. १८० दिवस उलटल्याबरोबर काहीच घडत नाही. त्यानंतरचं पहिलं लॉगिन होतं तेव्हा ७ दिवसांचा ग्रेस सुरू होतो, आणि या काळात प्रत्येक नव्या लॉगिनला ओरा-२८००२, म्हणजे पासवर्डची मुदत लवकरच संपणार, अशी सूचना मिळते. माणूस एसक्यूएल प्लसमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओरॅकलच्या साधनात, बसला असेल तर ती त्याला दिसते. जावाच्या अ‍ॅप्लिकेशनला ती एरर म्हणून नाही, नुसती वॉर्निंग म्हणून मिळते, आणि बहुतेक पूल ती कुठेही न लिहिता सोडून देतात. शिवाय आधीच उघडी असलेली कनेक्शन्स मुदत संपली तरी तुटत नाहीत. रविवारी पॅचसाठी किंवा आणखी कशासाठी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर रीस्टार्ट झाला असेल, तर तेव्हा पहिल्यांदा सगळी कनेक्शन्स नव्याने मागितली गेली आणि सगळीच नाकारली गेली. रीस्टार्टची वेळ तपासा, जुळेल.

म्हणून डीबीए यूजर्स या खात्यांची यादी दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये नुसतं अकाउंट स्टेटस बघून निश्चिंत होऊ नका. ओपन दिसतंय पण एक्स्पायरी डेट उलटून गेलीय, अशी खाती असतात. मुदत संपल्यानंतर तिथे कोणी लॉगिन केलेलं नसतं, एवढंच.

आता सगळं अनलिमिटेड ठेवून विषय बंद करावा का? मीही एकदा तेच केलं होतं. एका सहकारी बँकेत ऐन मार्चअखेरीला असाच फटका बसला, शाखांमधून फोनवर फोन, आणि मी घाईत डिफॉल्ट प्रोफाइल अनलिमिटेड करून मोकळा झालो. दोन वर्षांनी ऑडिटचे रेकॉर्ड चाळताना अ‍ॅप्लिकेशनच्या खात्याखाली रात्री पावणेबाराचं एक लॉगिन दिसलं. यूजरहोस्टच्या, म्हणजे लॉगिन ज्या मशीनवरून झालं त्याच्या, कॉलममध्ये अशा लॅपटॉपचं नाव होतं, जो आमच्या यादीतच नव्हता. काम सोडून वर्ष झालेला एक कंत्राटी मुलगा जुन्या सहकाऱ्याला मदत करत होता. त्याचा हेतू चांगला होता, नुकसानही काही झालं नाही. पण हजारो खातेदारांची माहिती ज्या पासवर्डमागे होती तो बँकेबाहेर फिरत होता, आणि तो तसा फिरू दिला होता मी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी माणसांची खाती आणि अ‍ॅप्लिकेशनची खाती एका प्रोफाइलमध्ये ठेवत नाही. माणसाला सूचना दिसते, तो स्वतः पासवर्ड बदलू शकतो, त्याच्यासाठी मुदत ठेवा. (ठरावीक दिवसांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये, असा सल्ला एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच दिला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावा, असंही त्यात आहे. तुमच्या ऑडिटरला हे पटेल की नाही, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा.) अ‍ॅप्लिकेशनच्या खात्याला मुदत अनलिमिटेड द्या, पण पासवर्ड ठरलेल्या दिवशी बदला, आणि तो माहीत असलेला माणूस काम सोडून गेला की लगेच बदला.

हे बदलणं पूर्वी खरंच जिवावर यायचं, कारण सगळे सर्व्हर एकाच वेळी बंद करावे लागायचे. २१सी आवृत्तीमध्ये पासवर्ड रोलओव्हर टाइम ही सोय आली आणि १९सी मध्येही ती १९.१२ पासून मिळते. प्रोफाइलमध्ये हा वेळ समजा एक दिवस ठेवला, तर पासवर्ड बदलल्यानंतर दिवसभर जुना आणि नवा दोन्ही चालतात, आणि तुम्ही एकेक सर्व्हर सावकाश बदलू शकता. त्या काळात स्टेटसमध्ये ‘ओपन अँड इन रोलओव्हर’ दिसतं. पासवर्ड फुटला म्हणून बदलत असाल तर मात्र ही सवलत वापरू नका, जुना ताबडतोब बंदच व्हायला हवा.

तुमची आवृत्ती १९.१२ च्या आधीची असेल तर दुसरं खातं बनवून अदलाबदल करता येते, ती पद्धत सविस्तर सांगेन. तोवर आजच एक क्वेरी लावा: पुढच्या ३० दिवसांत मुदत संपणारी आणि संपून गेलेली सगळी खाती, रोज सकाळी मेलवर. त्यात डीबीएसएनएमपी, म्हणजे डेटाबेसवर नजर ठेवण्यासाठी वापरलं जाणारं ओरॅकलचं खातं, आहे का ते आधी बघा. मॉनिटरिंग त्याच खात्यावर चालत असेल आणि तेच एक्स्पायर झालं, तर बाकीच्यांची खबर द्यायलाही कोणी उरणार नाही.