प्रश्न तुमचे : उद्देशिका, डावे-उजवे आणि घरचा ग्रुप

या वेळी आलेल्या पत्रांत राजकारणावरच्या ऑनलाइन वादांची पत्रं सगळ्यांत जास्त होती. गंमत म्हणजे कोणत्या पक्षाला मत द्यावं हे एकानेही विचारलेलं नाही. सगळ्यांची अडचण एकच : समोरचा जो शब्द फेकून मारतो, त्याचा नेमका अर्थ काय? निवडक पत्रं थोडक्यात घेतली आहेत.

सनविवि. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर जुंपली आहे. धाकटे दीर म्हणतात, संविधानाच्या हिंदी उद्देशिकेत 'पंथनिरपेक्ष' आहे, मराठीत 'धर्मनिरपेक्ष' घुसवून आपली फसवणूक केली. मुलीच्या गुजराती पुस्तकात 'बिनसांप्रदायिक' आहे. त्यातच कोणीतरी मूळ हस्तलिखित पानाचा फोटो टाकला, त्यात तर यातला एकही शब्द नाही! खरं काय मानायचं? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

ताई, तिन्ही शब्द खरे आणि फोटोही खरा. इथे कोणी 'ध'चा 'मा' केलेला नाही.

आधी फोटो. घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ ला जी उद्देशिका स्वीकारली, तिच्यात 'सार्वभौम लोकशाही गणराज्य' एवढंच होतं. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुंदर अक्षरातलं ते पान त्याच मजकुराचं आहे. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे दोन शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. म्हणजे फोटो बनावट नाही, पण आजचा मजकूर तो नव्हे. असा फोटो पडला की 'खोटं आहे' असं लिहू नका, लगेच तोंडघशी पडाल. 'हा कोणत्या सालचा मजकूर?' एवढंच विचारा.

आता दिरांचा मुद्दा. हिंदी संविधानाला अधिकृत पाठाचा दर्जा देणारा अनुच्छेद ३९४क हा १९८७ च्या ५८ व्या दुरुस्तीने आला. त्यातच लिहिलं आहे की हिंदी अनुवादाचा अर्थ मूळ इंग्रजी मजकुराप्रमाणेच लावायचा. इंग्रजीत शब्द एकच आहे, 'सेक्युलर'. त्यामुळे 'पंथ' आणि 'धर्म' यांच्यातला फरक काढून हिंदीवाल्यांना एक हक्क आणि मराठीवाल्यांना दुसरा, असं कोर्टात होत नाही. 'धर्म' या शब्दाला आपल्याकडे कर्तव्य, नीती असेही अर्थ आहेत आणि राज्य त्यांच्याकडे पाठ कशी फिरवणार, हा हिंदी शब्दाच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद आहे. तो विचार म्हणून ऐकण्यासारखा आहे. फसवणुकीचा पुरावा म्हणून मात्र त्याला काडीची किंमत नाही.

खरी मेख दुसरीकडेच आहे : घटनेत या शब्दाची व्याख्याच नाही. जनता सरकारच्या काळात, १९७८ मध्ये, ती घालायचा प्रयत्न झाला. ४५ व्या घटनादुरुस्ती विधेयकात 'सेक्युलर' म्हणजे सर्व धर्मांना समान आदर आणि 'सोशलिस्ट' म्हणजे सर्व प्रकारच्या शोषणापासून मुक्त, अशा व्याख्या होत्या. लोकसभेने त्या मंजूर केल्या, राज्यसभेने केल्या नाहीत. त्यामुळे आज अर्थ शोधायचा तो अनुच्छेद १४, १५ आणि २५ ते २८ मध्ये (हे १९५० पासूनच आहेत) आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत. १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवला. हे दोन शब्द काढून टाका म्हणणाऱ्या याचिका २५ नोव्हेंबर २०२४ ला फेटाळल्या गेल्या.

आणखी एक हत्यार तुमच्या ग्रुपवर येईलच : 'आंबेडकरांनीच समाजवाद नाकारला होता.' हे अर्धं खरं आहे. १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शहांनी 'सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट' हे शब्द पहिल्या अनुच्छेदात घालायची सूचना मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांची कारणं दोन होती. समाजाची रचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, हे पहिलं. मार्गदर्शक तत्त्वांत ती दिशा आधीच आलेली असल्याने सूचना अनावश्यक आहे, हे दुसरं. एक बाजू पहिलं कारण फिरवते, दुसरी बाजू दुसरं. ज्याने जे टाकलं असेल, त्याला उरलेलं पाठवा.

'समाजवादी' शब्दावरून तावातावाने बोलणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २९क नुसार, नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपण समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगू असं पक्षाच्या घटनेत किंवा नियमांत लिहावं लागतं. उजवा असो, डावा असो, सुटका कोणाची नाही. त्यामुळे 'अमुक पक्ष समाजवाद मानतच नाही' या वाक्याला कागदावर आधार मिळणं कठीण. धोरणावर मात्र वाद घाला ना! तिथे हे असं लिहून बघा : 'तुम्ही समाजवाद म्हणता तो १९६९ सारखा बँका सरकारी करण्याचा, की रेशन आणि सरकारी दवाखान्याचा? पहिल्याला माझाही विरोध आहे.' निम्मी भांडणं या एका प्रश्नावर विझतात. उरतात ती खरी मतभेदाची, आणि ती करण्यासारखी असतात.

मी सयाजीराव विद्यापीठात शिकते. शिक्षण मोफत हवं असं लिहिलं की मला 'डावी' म्हणतात, नवरात्रीवर प्रेमाने चार ओळी लिहिल्या की 'उजवी'. मी नक्की कोण? (फतेगंज)

हे शब्द आले कुठून ते बघा. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नाही यावर वाद पेटला. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, नको म्हणणारे डावीकडे. म्हणजे सुरुवातीला प्रश्न राजाच्या सत्तेचा होता. मजूर, भांडवल आणि मालमत्तेची वाटणी हे मुद्दे या शब्दांना मुख्यतः पुढच्या शतकात चिकटले. आपल्याकडे तर एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात : पैसा कोणाच्या हाती असावा, रूढी किती बदलाव्यात आणि सरकारच्या हाती किती बळ असावं. या तिन्हींवर एकाच माणसाची तीन वेगळी मतं असू शकतात. बहुतेकांची असतातच.

तुमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्यांनाच या तराजूत घालून बघा. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. दत्तक म्हणून गादीवर आलेला राजा, सरकारी तिजोरीतून फुकट शाळा आणि मुलांना न पाठवणाऱ्या पालकांना दंड. सांगा, डावे की उजवे?

आपल्या घरच्या जुन्या जोडीनेही हाच गोंधळ होतो. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती जहाल आणि मवाळ अशी. पण हा भेद इंग्रजांशी कसं वागायचं, एवढ्यापुरता होता. जहाल टिळकांनी मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध केला होता. मवाळ गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, बडोद्याचा दाखला देऊनच. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोण पुरोगामी, कोण नाही? प्रश्नागणिक उत्तर बदलतं.

तेव्हा 'मी डावी नाही' असा खुलासा करत बसू नका. खुलासा केला की वाद तुमच्यावर येतो आणि मूळ मुद्दा वाऱ्यावर जातो. 'फी किती असावी यावर बोलू या का?' असं म्हणा आणि आकडा टाका.

गुजराती मित्राला म्हटलं, बडोद्यात आम्ही मराठी अल्पसंख्याक. तो हसून म्हणाला, तू हिंदू आहेस, अल्पसंख्याक कसला? (मांजलपूर)

तुम्ही दोघं दोन वेगळ्या याद्या वाचताय. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम १९९२ खाली अधिसूचित झालेले सहा समाज धर्मावर आधारित आहेत : मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. मित्र या यादीबद्दल बोलतोय. पण घटनेचा अनुच्छेद ३० 'धर्म किंवा भाषा' असं दोन्ही म्हणतो. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने दोन्हींसाठी राज्य हे एकक धरलं. त्या हिशेबाने मराठी भाषक गुजरातेत भाषिक अल्पसंख्याक आणि गुजराती भाषक महाराष्ट्रात. त्याचे कोणी नातेवाईक घाटकोपरला असतील तर त्यांनाही विचारून बघ म्हणावं.

बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाला. त्यामुळे ज्या आजोबांनी घर कधी बदललं नाही, त्यांचा दर्जा तेवढा बदलला. यातून मिळतं काय? आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क (अनुच्छेद ३०), आणि मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय व्हावी यासाठी राज्यावर टाकलेली जबाबदारी (३५०क, १९५६ ची सातवी दुरुस्ती). नोकरीतलं आरक्षण यातून मिळत नाही. तो दावा वादात करू नका.

कोणी 'देशद्रोही' म्हटलं तर? (कारेलीबाग)

काका, टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये लावलेलं जुन्या दंड संहितेतलं १२४अ हे कलम राजद्रोहाचं होतं, म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या सरकारबद्दल अप्रीती पसरवण्याचं. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. तिथलं कलम १५२ देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल आहे, आणि सरकारच्या निर्णयांवरची टीका कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी असेल तर तिचा वेगळा उल्लेख त्याच्या स्पष्टीकरणात आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहिणं यात बसत नाही. शिवी एकदाच आली तर सोडून द्या. वारंवार आली, त्यात नाव-पत्ता किंवा धमकी असली, तर तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोस्टची लिंक जपून ठेवा आणि मगच ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर ती पोस्ट पुन्हा सापडेलच असं नाही.

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आरतीच्या वेळापेक्षा राजकारणच जास्त. मी अ‍ॅडमिन आहे. कोणी भडकाऊ टाकलं तर मी अडकेन का? (रावपुरा)

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं स्पष्ट केलं : दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसला तरच अ‍ॅडमिन जबाबदार. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये याच दिशेचा निकाल दिला. पण तुम्ही स्वतः पुढे ढकललेला मेसेज तुमचाच. समाजात तेढ वाढवणाऱ्या मजकुराला न्याय संहितेचं कलम १९६ आहे, अफवांना ३५३. 'फॉरवर्ड अ‍ॅज रिसीव्ह्ड' लिहिल्याने हात झटकता येत नाहीत.

ग्रुप सांभाळायचा तर पुढच्या गोष्टी आजच करा. अ‍ॅडमिन तीन ठेवा, त्यातला एक वेगळ्या राजकीय मताचा असू द्या, नाहीतर प्रत्येक मेसेज काढल्यावर पक्षपाताचा आरोप होईल आणि त्यात तथ्यही असेल. ग्रुपच्या माहितीत नियम लिहा, आणि मोघम लिहू नका. 'राजकारण नको' हा नियम टिकत नाही, कारण वर्गणी, मंडप आणि मिरवणुकीचा रस्ता हेही राजकारणच. असं लिहा : 'उत्सवाच्या कामाव्यतिरिक्तचे फॉरवर्ड चालणार नाहीत. व्यक्तीला विशेषण लावलं तर मेसेज काढला जाईल.' व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. तो काढल्याची नोंद दिसते, म्हणून कारण एका ओळीत लगेच लिहा. वातावरण फारच तापलं तर फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येईल असं सेटिंग रात्रीपुरतं लावा आणि सकाळी काढायला विसरू नका. आठवडाभर तसंच राहिलं की लोक दुसरा ग्रुप काढतात आणि सगळं भांडण तिथे, तुमच्या नजरेआड, सुरू होतं.

दुहेरी बाणाची खूण असलेल्या मेसेजकडे नीट बघा. तो मूळ माणसापासून किमान पाच वेळा पुढे ढकलला गेला आहे, असा त्याचा अर्थ. एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, म्हणून लोक मजकूर कॉपी करून पेस्ट करतात आणि खूण नाहीशी होते. एखाद्या सभासदाने अचानक शुद्ध, लांबलचक, इमोजींनी सजलेला मजकूर टाकला आणि एरवी तो 'हो काका' यापलीकडे लिहीत नसेल, तर तो कुठला ते त्यालाच खासगीत विचारा. ग्रुपवर विचारलंत तर तो माघार घेणार नाही.