लग्नाला चौदा महिने झाले, संबंधाच्या वेळी भिंत लागल्यासारखं होतं आणि भयंकर आग होते. डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं वाटतं. कोल्हापुरात कुणी यातून गेलंय का?

आधी तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य खोडते. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं लिहिलंयस. कमी काही नाही गं, झालंच असेल तर जास्त झालंय. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू गरजेपेक्षा जास्त आवळून बसलेत, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. मी डॉक्टर नाही. शाहूपुरीत राहते, अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. पण हे दुखणं चार वर्षं काढलंय आणि त्यातून बाहेर आलेय. तू सत्तावीसची, मी एकोणचाळीसची, म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

आत जाताना भिंत, मग चिरल्यासारखी आग, दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, पाळीत आत ठेवायचा टॅम्पॉन कधीच जमला नाही, आणि तपासणीच्या टेबलावर मांड्या आपोआप मिटल्या म्हणून डॉक्टर वैतागल्या. तुझी ही सगळी यादी माझीही होती. टेबलावरचा तो वैतागसुद्धा.

होतं काय, तर पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात आणि लघवीचा, योनीचा, शौचाचा असे तिन्ही मार्ग तिच्यातूनच बाहेर येतात. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. डोळ्याजवळ कुणी बोट नेलं तर पापणी तुला विचारून मिटत नाही ना? तसंच इथं होतं. एकदा दुखलं की पुढच्या वेळी दुखायच्या आधीच हे स्नायू आवळतात, आवळल्यामुळं आणखी दुखतं, आणि शरीराला वाटतं, बघा, मी म्हणतच होते. तुझं नवऱ्यावर प्रेम आहे की नाही, तुला इच्छा आहे की नाही, याच्याशी त्या झोळीला काही देणंघेणं नसतं. मला इच्छा होती. तरीही भिंत होतीच.

माझे मामा तालमीतले. लहानपणी त्यांच्या तोंडून एक तक्रार कायम ऐकलेली, नव्या पोरांना जोर काढता येतात, पण अंग सैल सोडता येत नाही. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. फिजिओथेरपिस्टनं मला पहिल्या दिवशी मूठ आवळून धरायला लावली आणि गप्पा मारत बसली. पाच मिनिटांत हात भरून आला, बोटं पांढरी पडली. ‘आता याच हातानं पाण्याचा तांब्या उचल,’ म्हणाली. घट्ट स्नायू म्हणजे ताकदवान स्नायू नव्हे, तो दमलेला असतो, त्याला रक्त नीट मिळत नाही आणि साध्या स्पर्शालाही तो दुखतो, हे मला त्या तांब्यानं पटलं.

या त्रासाचं जुनं नाव व्हजायनिस्मस. २०१३ साली मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला आणि संबंधातल्या इतर वेदनेला एकाच नावाखाली आणलं, कारण भीती कुठं संपते आणि दुखणं कुठं सुरू होतं हे वेगळं काढता येत नाही. व्हजायनिस्मस हा शब्द १८६०च्या दशकात मॅरियन सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं रूढ केला आणि त्याचा उपाय होता कापणं. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण मी गेले त्या दुसऱ्या डॉक्टरांनी मलाही ‘योनीच्या तोंडाचा पडदा जाड आहे, छोटंसं ऑपरेशन करू’ म्हणून सांगितलं होतं. पडदा खरोखर जाड किंवा बंद असू शकतो, नाही असं नाही. पण स्नायू आवळलेले असताना पडदा कापून भिंत जात नाही. असं कुणी सुचवलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नकोस.

पहिल्या डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, मन घट्ट कर. आता हसू येतं. आधीच सगळं घट्ट, त्यात मनही.

पण डॉक्टरांकडं जायचंच, कारण आग होण्याची इतरही कारणं असतात आणि ती आधी बाजूला काढावी लागतात. जंतुसंसर्ग, पांढरं जाणं, योनीच्या तोंडाशीच असणारी त्वचेची किंवा नसांची दुखरी जागा, बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण, अंगावर पाजताना किंवा पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा. दुखणं तोंडाशी नसून खोल आत असेल आणि पाळीतही जीव जात असेल तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार करतात. संबंधानंतर रक्त जात असेल, ताप असेल, वास येत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नकोस, उद्याच जा. डॉक्टर एक कापसाची काडी घेऊन योनीच्या तोंडाशी वेगवेगळ्या ठिकाणी हलकेच टेकवतात आणि कुठं झोंबतं विचारतात. स्नायू तपासायला हातमोजा घातलेलं एक बोट पुरतं, आत बघायचा लोखंडी चिमटा पहिल्याच दिवशी घालायलाच हवा असं नाही. ‘आज फक्त बोलू, तपासणी पुढच्या वेळी’ असं म्हणायचा तुला हक्क आहे. मी तिसऱ्या डॉक्टरांना तसं म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवून पाऊण तास ऐकून घेतलं. नाव त्यांनीच दिलं या दुखण्याला.

हे आलं कुठून, तर काहींच्या बाबतीत कारण सापडतच नाही. माझ्या फिजिओला माझ्या शाळेच्या दिवसांत काहीतरी सापडलं असं वाटतं. शाळेच्या संडासात पाय ठेववत नसे, म्हणून सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत लघवी दाबून धरायची सवय होती. वर्षानुवर्षं. त्यात बद्धकोष्ठ. त्यात ‘मांडी जवळ घे, पोट आत घे, नीट बस’ हे घरातलं पालुपद. आणि लग्नाआधी चुलत बहिणीनं रक्ताची आणि चादरीची गोष्ट अशी रंगवून सांगितली होती की पहिल्या रात्रीच माझे दात वाजत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू लिहिलंयस की यूट्यूबवर बघून रोज केगेल, म्हणजे हेच स्नायू आवळायचे व्यायाम, करतेस. ते आजपासून बंद. अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरनं १९४८ साली ते व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडून लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. तुझी अडचण नेमकी उलटी आहे. आवळलेल्या मुठीला आणखी आवळायचा सराव देऊन काय मिळणार? मी दोन महिने मन लावून केले आणि नंतर खुर्चीवर बसलं तरी दुखायला लागलं.

आपल्याला शिकायचंय ते सोडणं. श्वास पोटात घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर ही झोळीही किंचित खाली उतरते, श्वास सोडला की वर येते. एक हात पोटावर ठेवून आडवी हो, गुडघे उशांवर सैल सोड आणि श्वास घेताना लघवी सुटायच्या क्षणी जसं वाटतं तसं वाटतंय का बघ. जोर लावून ढकलायचं नाही, नुसतं सुटू द्यायचं. मला हे जाणवायलाच तीन आठवडे लागले. त्याच्या जोडीला बालासन, पाठीवर झोपून पावलं हातात धरायचं आनंद बालासन आणि आधार घेऊन उकिडवं बसणं. पोट साफ राहील हे बघणंही उपचारच आहे, हसू नकोस.

फिजिओ शोधताना एक कर. आपल्याकडं गुडघे-कंबरेचे फिजिओ गल्लोगल्ली आहेत, म्हणून फोनवरच सरळ विचार, ‘पेल्विक फ्लोअरचं काम करता का, आणि फक्त लघवी गळण्यासाठी की घट्ट स्नायूंसाठीही?’ या दुसऱ्या प्रश्नावर निम्मे गळतात. मला तेव्हा इथं कुणी मिळालं नाही. महिन्यातून एकदा पुण्याला जायचे आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉल. तिनं पहिल्या दोन भेटींत आत हात लावलाच नाही. पोट, मांड्यांची आतली बाजू, कंबर, कुल्ले एवढंच सैल केलं. मग एक बोट, भरपूर जेल, दुखऱ्या गाठीवर हलका दाब, आणि गाठ विरघळेपर्यंत थांबणं. मी ‘थांब’ म्हटलं की बोट तिथंच थांबायचं. या ‘थांब’नं माझं जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशानं केलं नाही.

मग डायलेटर. करंगळीएवढ्यापासून चढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्यांचा संच असतो, सिलिकॉनचा किंवा प्लास्टिकचा. माझं पार्सल सासऱ्यांनी घेतलं आणि ‘काय मागवलंय?’ विचारलं. मी म्हटलं, मानेच्या व्यायामाचं सामान. पुढचे सहा महिने ते दर आठवड्याला माझ्या मानेची चौकशी करत होते. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, दाराला कडी लावून. नुसतं ठेवून श्वास घ्यायचा, जिंकायला जायचं नाही. ताण जाणवला तर चालतो, तीव्र दुखलं किंवा आग झाली तर आधीच्या मापावर परत यायचं. मी तिसऱ्यावरून पहिल्यावर दोनदा आलेय. पाण्यात विरघळणारं जेल वापर. सिलिकॉनच्या कांडीला सिलिकॉनचं जेल लावलं तर ती खराब होते, आणि खोबरेल तेलानं रबरी कंडोम फाटतो, हे कुणी सांगत नाही.

नवऱ्याबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस, ‘ते काही बोलत नाहीत’. आमचेही बोलत नव्हते. त्यांना वाटायचं मला ते आवडत नाहीत, मला वाटायचं ते सोडून देतील. फिजिओनं दोघांना समोर बसवून सांगितलं की आठ आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, बाकी जवळीक हवी तेवढी. बंदी आली आणि घरात हवा आली. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला लागलो, पाठीवर हात ठेवला तरी मी दचकायची ते थांबलं. एवढं मात्र ठामपणे सांगते, ‘सहन कर, सवयीनं होईल’ म्हणून दात-ओठ खाऊन पार पाडायचा प्रयत्न करू नकोस. प्रत्येक तसा प्रयत्न झोळीला धडा शिकवतो की आवळणंच बरोबर होतं. आणि तो जबरदस्ती करत असेल तर मग हा प्रश्न स्नायूंचा राहत नाही, माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाला सांग.

काहींना समुपदेशनाचीही गरज लागते, विशेषतः मागं काही वाईट घडलं असेल तर. एवढं करूनही स्नायू ऐकत नसतील तर तज्ज्ञ भूल देऊन त्यात बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन देतात. त्याचा असर काही महिने राहतो आणि त्या काळात डायलेटरचा सराव करून घ्यायचा असतो. मला लागलं नाही.

उपचार सुरू केल्यावर मला साधारण सात महिने लागले. पहिल्यांदा न दुखता झालं त्या रात्री काही फटाके फुटले नाहीत. हे झोपून गेले आणि मी पंख्याकडं बघत बसले, की एवढंच होतं होय.

आता शेवटचं, सासूबाई ‘मूल का होत नाही’ म्हणून पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडं न्यायला निघाल्यात ते. जा, पण नवऱ्याला घेऊन जा आणि आत तुम्ही दोघंच जा. खरं सांगितलं नाहीस तर थेट वंध्यत्वाच्या तपासण्या सुरू होतील, आतून सोनोग्राफी आणि गर्भनळ्यांचा एक्सरे यासकट, आणि ते तुझ्यासारखीला फार जड जातं. सोनोग्राफी भरल्या लघवीनं पोटावरूनही करता येते, तशी माग. तोंडून शब्द फुटणार नाही असं वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून ने: ‘आमचा संबंध अजून पूर्ण झालेला नाही, आत जाताना खूप दुखतं, पेल्विक फ्लोअरचे स्नायू तपासा.’ मी अशीच चिठ्ठी दिली होती, हात थरथरत होता म्हणून अक्षर इतकं वाईट आलं होतं की डॉक्टरांनी ती मलाच वाचायला लावली.