ओएई, बेरा आणि न झोपणारं बाळ

विटा: बाळ दोन दिवसांचं असताना ओएई म्हणजे ऐकण्याची पहिली तपासणी केली, एका कानाला 'रेफर' लिहिलंय. बाळाला ऐकू येत नाही का?

रेफर म्हणजे परत तपासा, एवढंच. कानात प्रोब घालून आवाज सोडतात, आतल्या कानातल्या पेशी त्याला बारीक उलट आवाज देतात, तो मशीन पकडतं. पण नवीन बाळाच्या कानात पांढरा चिकटा असतो, पडद्यामागे पाणी असतं, त्यानेपण रेफर येतं. परत करा, पण महिन्याच्या आत. आणि आजी कितीही म्हणू देत, कानात तेल नको.

तासगाव: मुलगी कमी दिवसांची, एनआयसीयूत होती, कावीळ खूप वाढलेली. ओएई पास आहे तरी बेरा सांगितलीय, उगाच खर्च नाही ना?

अजिबात उगाच नाही. ओएई फक्त आतल्या कानापर्यंतच बघते, पुढची नस आणि मेंदूकडचा रस्ता तिला दिसतच नाही आणि जास्त कावीळ नेमकी तिथेच घाव घालते. तो रस्ता बेरा बघते, झोपलेल्या बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून. म्हणजे ओएई मस्त पास आणि बेरात वेव्ह, म्हणजे नसेचा प्रतिसादच नाही असंही होतं, त्याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. पाच दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची बेरा करायचीच. कावीळ झालेली हे ऑडिओलॉजिस्टना आधीच सांगा, मग ते आवाज सुलट-उलट अशा दोन्ही पोलॅरिटीत देऊन त्यांचे ट्रेस (आलेख) वेगळे घेतील, ही न्यूरोपॅथी ओळखायला.

जत: बेरासाठी दोनदा सांगलीला आलो, बाळ झोपतच नाही. घरूनच झोपेचं औषध देऊन आणू का?

नको! ते डॉक्टर वजन बघून तिथेच देतात, बाळावर लक्ष ठेवून. तुमचं काय होतं, बाळ एसटीत मस्त झोप काढतं आणि सांगलीत उतरलं की टकाटक. त्या दिवशी पहाटे उठवा, गाडीत खेळवत ठेवा, दूध इलेक्ट्रोड चिकटवून झाल्यावरच पाजा. लहान बाळ एवढ्यावर बहुतेक झोपतं. डोक्याला, कपाळाला तेल लावून आणू नका, इलेक्ट्रोड निसटतात. सर्दी असेल तर आधी फोन करून विचारा.

मिरज: मुलगा दीड वर्षाचा. बेरात ९० डेसिबलला पण वेव्ह नाही, पण गणपतीत ढोल वाजला की वळून बघतो. बेरा चुकली का?

दोन्ही खरं असू शकतं. साध्या क्लिक (टकटक आवाजाच्या) बेराचा भर २००० ते ४००० हर्ट्झवर, म्हणजे वरच्या पट्टीवर, ढोलाचा ठोका त्याच्या कितीतरी खाली आणि तो अंगालाही जाणवतो, त्यामुळे खालचं थोडं ऐकणं शिल्लक असलं तरी क्लिकमध्ये दिसत नाही. एएसएसआर ही बेरासारखीच तपासणी करून घ्या, त्यात ५०० पासून ४००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक कानाचा वेगळा अंदाज मिळतो, श्रवणयंत्राची सेटिंग त्यावरच होते. पण ढोलाला वळतो म्हणून वाट बघत बसू नका, बोलण्यातले स, श, त असले आवाज वरच्या पट्टीतच असतात, ते त्याला मिळत नाहीयेत. श्रवणयंत्र लगेच सुरू करा, त्याने भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटचं (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवतात ते यंत्र) बोला. केंद्राच्या एडिप या दिव्यांगांच्या साधनांसाठीच्या योजनेत इम्प्लांटला मदत मिळते पण वयाची अट आहे, म्हणून चौकशी आत्ताच करा.