डाव्या नर्व्हजवळ घाई नको
खारघरला जॉइन झालास, मस्त, पण अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या थोरॅकोस्कोपीत (छातीत दुर्बीण घालून केलेल्या ऑपरेशनमध्ये) डाव्या रिकरंट नर्व्हच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या नसेच्या, नोड्सना (लसिका गाठींना) लगेच हात घालू नकोस रे, आधी उजवी बाजू नीट जमू दे, तिथे सबक्लेव्हियन धमनीखालून वळणारी नर्व्ह लवकर सापडते. डावी एओर्टाच्या (महाधमनीच्या) आर्चखालून, म्हणजे कमानीखालून, वर येते, श्वासनलिकेच्या आड, म्हणून ॲनेस्थेशियावाल्यांशी आधीच बोलून ठेव, सिंगल ल्युमेन (एकाच नळीची श्वासाची) ट्यूब असली की प्रोनमध्ये, म्हणजे पेशंट पालथा असताना, श्वासनलिका सहज बाजूला घेता येते. नर्व्ह दिसली की हार्मोनिक (उष्णता निर्माण करून कापणारं उपकरण) ठेवून दे, साधी कात्रीच घे, उष्णतेने नर्व्ह जाते तशी ओढल्यानेही जाते, मग पेशंटचा आवाज बसतो, नीट खोकता येत नाही, न्यूमोनिया होतो. नोड्स एकाच डब्यात कोंबू नकोस, स्टेशनप्रमाणे (कुठल्या जागेचे त्यानुसार) वेगळे पाठव, पॅथॉलॉजीला किमान 15 नोड्स तरी मिळायलाच हवेत.